गल्ल्यावर कोण बसतं?

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या वस्तीत, गिरणगावात, जेवणाच्या वेळा भोंग्यावर ठरत. कोकणातून किंवा घाटावरून आलेला कामगार बायकापोरांना गावी ठेवून मुंबईत राहायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, कोण कुठल्या पाळीला यावर झोपायची जागा ठरलेली. त्यांच्या दोन वेळच्या पोटाची सोय त्याच चाळीतली एखादी बाई करायची. पहाटे उठून पहिल्या पाळीच्या भाकऱ्या, मग दुसऱ्या पाळीचं जेवण, मग रात्रपाळीवाल्यांसाठी झाकून ठेवलेलं. मंगळवारी कोण उपास करतो, कोणाला वातडं चालत नाही, कोण गावी गेलाय आणि म्हणून त्याचे किती दिवस वजा करायचे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. पैसे मिळायचे ते पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, आणि वाणी थांबेना झाला की सावकार. मंगळसूत्र गहाण पडून सुटायचं आणि पुन्हा पडायचं.

आता हा धंदा नाही तर काय? कच्चा माल, उधारी, वसुली, खेळतं भांडवल, ठरलेलं गिऱ्हाईक, सगळं होतं. तरी नवऱ्याला कोणी विचारलं, ‘बायको काय करते?’ तर उत्तर ठरलेलं: ‘काही नाही, घरीच असते.’ मुंबईच्या कापड उद्योगाचा इतिहास लिहिताना सूत, भांडवल, संप आणि पुढारी यांचा हिशेब आपण पुष्कळ मांडला. पण ज्या चुलींवर तो उद्योग जेवला, त्या चुलींचा जमाखर्च फारसा कोणी मांडला नाही.

स्त्री-पुरुष समानतेवर बोलणारे आपल्याकडे कमी नाहीत. मार्चच्या आठ तारखेला तर सभागृहं मिळत नाहीत. पण बाजारपेठेत, गल्लीबोळातल्या धंद्यांत ज्यांनी खरोखर काही हलवलं, त्यांचं काम पाहिलं तर एक गोष्ट दिसते. त्यांनी भाषणाच्या आधी कागदाला हात घातला. कर्ज कोणाच्या नावावर, पासबुक कोणाच्या हातात, सही कोणाची, रोख कोण मोजून घेतं, अशा रुक्ष प्रश्नांच्या मागे ही माणसं लागली.

प्रेमा पुरव त्यांतल्या एक. जन्म गोव्याचा. गोवा मुक्तिलढ्यात कोवळ्या वयात उतरल्या, पायात गोळी लागली, आणि पुढे मुंबईत येऊन कम्युनिस्ट कामगार चळवळीत रमल्या. संपाच्या काळात कामगाराला उधारीवर जेवू घालणारी खानावळवाली त्यांनी जवळून पाहिली होती. संप कामगारांचा आणि उधारी खानावळवालीची, हे काही कुठल्या ठरावात लिहिलेलं नसे. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि त्यानंतर गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजनाही आली होती. योजना कागदावर उत्तम. फक्त बँकेच्या दारातून आत जायला जे लागतं ते या बायकांकडे नव्हतं: धंद्याचा परवाना नाही, भाड्याची पावती नवऱ्याच्या नावे, तारण म्हणाल तर गहाण पडलेलं मंगळसूत्र. 1975 मध्ये प्रेमाताईंनी चौदा जणींना हाताशी धरून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. एकमेकींना जामीन राहण्याची ही पद्धत. पुढे बचत गटांच्या लाटेत ती घरोघरी पोचली, पण तेव्हा नवखी होती.

कर्ज फिटलं. बँकांना याचं आश्चर्य वाटलं असेल तर ते बँकांचं अज्ञान. उधारीच्या पै न् पैचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बाईला हप्ता कळतो. खरा बदल वेगळाच होता. बँकेच्या वहीत तिचं नाव चढलं, आणि त्यापुढे कोणी काही म्हटलं तरी ती ‘घरीच’ नव्हती.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला. कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेकांच्या दृष्टीनं तो संप कधी संपलाच नाही. गिरणीच गेली तिथे खानावळ कशी राहणार? एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा किती नाजूक असतो, हे या बायकांइतकं महागात कोणाला कळलं नसेल. मंडळानं मग कार्यालयांना जेवण पुरवणं, समारंभांची कंत्राटं अशा वाटा धरल्या. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या कन्या मेधा सामंत यांनी बँकेची नोकरी सोडून 1993 पासून पुण्यात वस्त्यांमधल्या भाजीवाल्या, घरकामवाल्या, शिवणकामवाल्या यांच्यासाठी अन्नपूर्णा परिवार उभा केला. कर्जासोबत आजारपणाचा विमाही तिथे बायकांनी आपापसात चालवला. कारण छोटा धंदा बुडतो तो बहुधा तोट्यानं नव्हे, घरातल्या एका दवाखान्याच्या बिलानं.

याच मुंबईत, गिरणगावापासून दूर नाही अशा गिरगावात, 1959 च्या मार्चमध्ये सात गुजराती बायकांनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. लिज्जत पापडाची ही कथा इतकी सांगितली गेली आहे की तिचा पापडासारखाच चुरा झाला आहे, म्हणून फक्त दोनच गोष्टींकडे लक्ष वेधतो. उसने पैसे देणारे छगनबापा पारेख यांनी पहिल्यापासून आग्रह धरला तो चोख हिशेबाचा. आणि संस्थेनं नियम केला की सभासद फक्त बाईच होऊ शकते, आणि सभासद म्हणजे मालक. पुरुष आहेत, गाडी चालवायला, कारकुनीला, पण पगारावर. बाई केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेते, लाटून वाळवते, दुसऱ्या दिवशी पापड परत आणते आणि लाटणावळ घेऊन जाते. पापड लाटणं हे काही फार मिळकतीचं काम नाही, आणि घरी बसून करायचं काम बाईला घरातच ठेवतं हा आक्षेपही खरा आहे. पण देशात घरबसल्या विड्या वळणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या, गजरे ओवणाऱ्या लाखो बायका आहेत आणि त्यांच्या मालाचा नफा दुसऱ्याच्या गल्ल्यात पडतो. लिज्जतनं तेच हातकाम घेतलं आणि नफ्याची वाट तेवढी फिरवली. आरंभकर्त्या जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली ती 2021 मध्ये, बासष्ट वर्षांनी. सरकारी हिशेब जरा सावकाश चालतो.

आता मुंबई सोडून माणदेशात जाऊ. सातारा जिल्ह्यातला माण तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस सह्याद्रीवर पडून संपतो, इथे नुसते ढग येतात. पुरुष मेंढरं घेऊन, ऊसतोडीला, नाहीतर सोनं-चांदी गाळायच्या गलाई कामाला परमुलखात. मागे उरतात त्या बायका, शेळ्या आणि आठवडी बाजार. चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून आलेल्या. लग्न करून म्हसवडला आल्या आणि इथल्याच झाल्या.

एक दिवस रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी पालावर टाकायला ताडपत्री घ्यायची होती, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. बँकेनं खातंच उघडून दिलं नाही. रक्कम फारच लहान. तिनं कर्ज मागितलं नव्हतं, अनुदान मागितलं नव्हतं; स्वतःचे पैसे ठेवायला जागा मागितली होती. चेतनाताईंनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. प्रवर्तक सभासदांमध्ये निरक्षर बायका होत्या, कागदांवर सह्यांऐवजी अंगठे होते.

चेतनाताई खचल्या होत्या, पण बायकांनी उपाय काढला: मग शिकू की लिहायला. वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांना यंत्राशिवाय करायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. ग्रामीण बायकांनी, बायकांसाठी चालवलेली देशातली ही पहिली परवानाधारक सहकारी बँक मानली जाते.

बँक झाली, पण दिवसाची मजुरी बुडवून पैसे भरायला कोण येणार? मग बँकेचीच माणसं बाजारात, दारात, रानात जाऊ लागली. पुढे संगणकीय व्यवहार आले तेव्हा बँकेनं पिन क्रमांक सुचवला. बायकांनी नको म्हटलं. पिन कोणाला तरी विचारून दाबावा लागतो, कोणी पाहून ठेवतं, आणि घरात पैशावर डोळा ठेवून असणारा माणूस बाहेरचाच असतो असं थोडंच आहे! अंगठा ठेवा, म्हणाल्या. अंगठा काही कोणी चोरत नाही. ज्या अंगठ्यामुळे परवाना अडला होता, तोच आता तिजोरीची किल्ली झाला. त्या अधिकाऱ्यांना हे कोणी कळवलं की नाही, कोण जाणे.

आठवडी बाजारातल्या बाईचं अर्थशास्त्र बँकेच्या पुस्तकात बसत नाही. तिला पैसा लागतो बाजाराच्या सकाळी, माल उचलायला, आणि तो परत करता येतो संध्याकाळी. वर्षाच्या हप्त्यांचं कर्ज घेऊन ती काय करणार? ही गरज सावकाराला नेमकी कळते, म्हणून तो टिकतो. माणदेशी बँकेनं बाजाराच्या तालावर चालणारी पतसोय काढली. पुढे माणदेशी फाउंडेशनची फिरती उद्योगशाळा आली, संगणक आणि शिलाईयंत्रं बसमध्ये घालून गावोगाव जाणारी, कारण वीस किलोमीटरवरच्या वर्गाला सून जाऊ शकत नाही पण पारावर आलेल्या बसमध्ये चढू शकते. 2008 पासून स्वतःचं रेडिओ केंद्र चालू झालं. शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेऊन बायका गावोगाव शेळ्यांच्या डॉक्टर म्हणून फिरू लागल्या. शेळी बाईची, ती राखायची बाईनं, पण इंजेक्शन देणारा पुरुष, ही साखळी तिथे तुटली.

तरी एक कडी राहतेच: तारण. मोठं कर्ज हवं असेल तर सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर ती नसते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हे फार आधी ओळखलं होतं. 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचा प्रचंड मेळावा झाला आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा असं आवाहन झालं. शंभर कुटुंबांनी तसं केलेल्या गावांना मानानं लक्ष्मीमुक्ती गाव म्हटलं गेलं. कांद्याच्या भावासाठी रस्ते अडवणाऱ्या संघटनेनं हे करावं याचं शहरातल्या पुष्कळांना नवल वाटलं. मला वाटतं, शेतीला धंदा मानणाऱ्यालाच त्यातली बिनपगारी भागीदार दिसू शकते.

हे सगळं झालं मालकीणबाईंचं. पण ज्यांच्या मालकीचं काहीच नाही, ज्या दुसऱ्याच्या दुकानात काउंटरमागे उभ्या आहेत, त्यांचं काय? यासाठी मला महाराष्ट्राबाहेर, केरळातल्या कोळिकोडला जावं लागतं. तिथली मिठाई गल्ली कापडदुकानांनी गजबजलेली. या दुकानांत विक्रीला बायका, पगार तुटपुंजा, आणि दहा-दहा बारा-बारा तास उभं राहायचं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. भिंतीला टेकायचं नाही. कित्येक दुकानांत स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नसत. मूत्रमार्गाची दुखणी, फुगलेल्या शिरा हे त्याचं मोल.

विजी पालिथोडी त्याच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी ‘पेणकूट्ट’ नावाचा बायकांचा गट जमवला आणि पहिली मागणी केली ती मुतारीची. मागणी ऐकून लोक हसले. समानतेच्या लढ्यात हसण्यावारी नेलेल्या मागण्यांकडे नीट पाहावं, मर्म बहुधा तिथेच असतं. पुढची मागणी होती खुर्चीची. थ्रिस्सूरमधल्या एका मोठ्या साडी-दालनातल्या विक्रेत्या 2014 च्या अखेरीस बसण्याच्या हक्कासाठी संपावर गेल्या. शेवटी 2018 मध्ये केरळ सरकारनं दुकाने आणि आस्थापना कायदा बदलला: कामगारांना बसायला आसन देणं मालकावर बंधनकारक झालं. तीन वर्षांनी तामिळनाडूनंही तशीच तरतूद केली.

खुर्चीत काय एवढं, असं वाटणाऱ्यानं सणासुदीला कुठल्याही पेठेतल्या साडीच्या दुकानात जाऊन पाहावं. मालक गादीवर, गल्ल्याशी. गिऱ्हाईक गादीवर. मुली उभ्या. पन्नासावी साडी उलगडतानाही हसतमुख. दिवाळीच्या पंधरवड्यात दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं आणि शेवटची बस चुकलेली.

आपल्या महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा 2017 चा. त्यानं बाईला रात्रपाळीची मुभा दिली, तीही तिच्या संमतीनं आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकून. पण ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असलेली दुकानं त्याच्या कक्षेबाहेर राहिली. त्यांनी फक्त आपण आहोत एवढं कळवायचं. पेठेतली बहुतेक दुकानं याच गटातली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मात्र दुकान लहान म्हणून सोडत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर आस्थापनेतच तक्रार समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. चार जणींच्या कापडदुकानातली मुलगी, एकाच डॉक्टरच्या दवाखान्यातली मदतनीस, घरकाम करणारी बाई, या सगळ्यांसाठी ही समिती आहे, आणि समितीची अध्यक्ष बाईच असावी लागते. व्यापारी संघटना दरवर्षी दुकानदारांच्या नाव-पत्त्यांच्या डायऱ्या छापतात. त्याच डायरीत या समितीचा पत्ता छापायला एका पानाचा खर्च येईल.