सोन्याच्या बादशहाचे कर्ज

रमजानचे पहिले दहा रोजे सरले की मुस्लिम घरांतून जकातीचा हिशेब सुरू होतो. कपाटातले दागिने, बँकेतली शिल्लक, दुकानातला माल, लोकांकडून येणे असलेली रक्कम, या साऱ्याची बेरीज होते. त्यातून देणे वजा केले जाते. उरलेली रक्कम निसाबाइतकी, म्हणजे साडेसात तोळे सोन्याच्या किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी असेल आणि तिला चांद्रवर्ष उलटले असेल, तर शेकडा अडीच या दराने जकात काढायची असते. या हिशेबात देण्याची ओळ छोटी दिसते, पण माणूस खरोखर किती धनवान आहे हे तीच ठरवते. इतिहासातला सर्वांत श्रीमंत राजा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या हकिकतीतही ही ओळ आहे. तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

हा राजा म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील माली राज्याचा मन्सा मूसा. 'मन्सा' ही तिथली राजाची पदवी. त्याच्या सत्तेखालच्या मुलखातून सोने उत्तरेकडे जाई आणि सहारा वाळवंटातल्या खाणींतले मीठ उंटांवर लादून दक्षिणेकडे येई. या देवघेवीवर बसणाऱ्या करातून मालीचा खजिना भरत होता. 1324 साली मन्सा मूसा हजला निघाला. वाळवंट ओलांडून तो कैरोला पोहोचला, तेव्हा त्याच्याबरोबर मोठा लवाजमा होता, गुलाम होते आणि उंटांवर लादलेले सोने होते.

त्या वेळी इजिप्तवर सुलतान नासिर मुहम्मदची सत्ता होती. त्याच्या दरबारात येणाऱ्याने जमिनीचे चुंबन घ्यावे, असा रिवाज होता. मन्सा मूसाने आधी भेटीलाच टाळाटाळ केली. आपण हजसाठी आलो आहोत, दुसरे काही त्यात मिसळायचे नाही, असे त्याचे म्हणणे होते. अखेर तो गेला, पण आपला सजदा फक्त निर्माणकर्त्यासाठी आहे असे सांगून त्याने मस्तक टेकवले. सुलतानाने त्याला शेजारी बसवून घेतले. भेटीची ही हकीकत अल उमरी या लेखकाने, त्या वेळी हजर असलेल्या अधिकाऱ्याकडून ऐकून लिहून ठेवली आहे.

कैरोत मन्सा मूसाने मुक्तहस्ताने सोने वाटले. दरबारातला कोणी अधिकारी, कोणी मानकरी त्याच्या देणगीवाचून राहिला नाही. बाजारातल्या व्यापाऱ्यांनीही संधी साधली. एका दिनाराची किंमत नसलेला कपडा या परदेशी पाहुण्यांना पाच दिनारांना विकला गेला. पाहुण्यांनी समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजले. पुढे फसवणूक कळली, तेव्हा या लोकांच्या मनात इजिप्तच्या माणसांविषयी कायमची अढी बसली, असेही अल उमरी नमूद करतो.

बाजारात एकाएकी इतके सोने आल्यावर जे व्हायचे तेच झाले. एक मिस्काल सोन्याचा भाव पूर्वी पंचवीस दिरहमच्या खाली जात नसे. तो बावीसपर्यंत किंवा त्याहूनही खाली आला. अल उमरीने ही नोंद केली तेव्हा सुमारे बारा वर्षे उलटली होती आणि भाव तरीही सावरला नव्हता. पाहुण्याचा हेतू औदार्याचा होता, पण ज्या कैरोकराने आयुष्यभर जमवलेली पुंजी सोन्यात ठेवली होती, त्याचे त्यात नुकसानच झाले.

मन्सा मूसाची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवली जाते. 1375 च्या सुमाराच्या प्रसिद्ध कॅटलान नकाशात तो हातात सोन्याचा गोळा घेऊन बसलेला दिसतो. युरोपला तो माहीत झाला तो या रूपात. पुढची हकीकत अशी की, हजहून परतताना या राजाजवळचे सोने संपले. ज्या कैरोत त्याने ओंजळी भरून सोने दिले होते, तिथल्याच व्यापाऱ्यांपुढे त्याला हात पसरावा लागला. त्यांनी कर्ज दिले, पण तीनशे दिनारांमागे सातशे दिनारांचा नफा लावून. व्याज निषिद्ध मानणाऱ्या समाजातच हे घडले. लोभाला वाट काढता येते, हे तेव्हाही खरे होते.

कर्ज देणाऱ्यांत अलेक्झांड्रियाचा एक बडा व्यापारी होता, सिराजुद्दीन इब्न अल कुवैक. मन्सा मूसा त्याच्याच बागेत उतरला होता. राजाबरोबर त्याच्या सरदारांनीही त्याच्याकडून पैसे घेतले. वसुलीसाठी सिराजुद्दीनने आपला माणूस मालीला धाडला, पण तो तिकडेच राहिला. शेवटी सिराजुद्दीन स्वतः मुलाला घेऊन वाळवंट तुडवत निघाला. तिंबक्तूला पोहोचल्यावर अबू इस्हाक अस साहिली या ग्रॅनडाच्या कवीने त्याचा पाहुणचार केला आणि त्याच रात्री सिराजुद्दीनचा मृत्यू झाला. विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली. मुलानेच ती थांबवली. वडिलांच्या ताटातले तेच अन्न आपणही खाल्ले आहे, विष असते तर आपणही मेलो असतो, वडिलांची वेळ भरली होती, एवढेच त्याने सांगितले. मग तो पुढे मालीला गेला, आपले येणे वसूल केले आणि इजिप्तला परतला.

ही हकीकत सांगणारा इब्न बतूता महाराष्ट्राला अनोळखी नाही. दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना तो दौलताबाद आणि नंदुरबारला येऊन गेला होता. दिल्लीत असताना तो स्वतःही मोठ्या कर्जात सापडला होता, त्यामुळे सावकाराचा तगादा म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. 1352 साली तो मालीला निघाला, तेव्हा मन्सा मूसा हयात नव्हता. सिराजुद्दीनची कबर त्याने तिंबक्तूत पाहिली. मालीच्या लोकांचा एक गुण त्याने आवर्जून नोंदवला आहे. परका माणूस तिथे मरण पावला, तर त्याच्या मालमत्तेला कोणी हात लावत नाही. ती कितीही मोठी असली, तरी खरा वारस येईपर्यंत एखाद्या विश्वासू माणसाच्या ताब्यात ठेवली जाते.

पवित्र कुरआनात कारूनची कथा येते. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्याच उचलायला बलदंड माणसांची टोळी लागे. हे सारे आपल्या ज्ञानामुळे मिळाले, अशी घमेंड त्याने केली आणि घरादारासह तो जमिनीत गडप झाला. आदल्या दिवशी त्याचा हेवा करणारे दुसऱ्या दिवशी हबकून गेले. संपत्तीविषयीची ही ताकीद सर्वांना ठाऊक असते. त्याच कुरआनातली सर्वांत लांब आयत मात्र देवघेव लेखी करून ठेवण्याविषयी आहे, हे कमी जणांच्या लक्षात असते. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यावी आणि माफ केले तर ते अधिक चांगले, असा उपदेशही तिथेच आहे. जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेल्यांचाही समावेश आहे. कर्ज मागे ठेवून गेलेल्या माणसाची जनाजाची नमाज पढवण्याआधी प्रेषित मुहम्मद (स.) त्याने ते फेडण्यापुरते काही मागे ठेवले आहे का, हे विचारत असत.

ही जाण एकाच धर्माची मिरास नाही. देहूच्या तुकाराम महाराजांनी घरात चालत आलेल्या सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. धाकट्या भावाच्या वाट्याचे कागद मात्र त्यांनी त्याला देऊन टाकले. स्वतःचे येणे सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे, दुसऱ्याचे सोडण्याचा नाही, हा हिशेब त्यांनी चोख ठेवला.

यंदाची जकात काढताना हाच हिशेब उपयोगी पडेल. वाण्याची उधारी, कामगाराची थकलेली मजुरी, बहिणीचा वारशातला अडकलेला वाटा, ही सारी देणीच आहेत. ती तशीच ठेवून गोरगरिबांना वाटलेल्या पैशाने नाव होईल, पण हक्कदाराचा हक्क फिटणार नाही. आणि ज्यांचे कोणाकडे येणे आहे, त्यांनी ईदच्या आधी आपली वही एकदा उघडून पाहावी. ज्याच्याकडून पैसे परत येणे शक्यच नाही अशी एखादी नोंद त्यांत सापडेल. ती खोडून टाकली आणि तसा निरोप त्या घरी पोहोचवला, तर तिथली ईद चांगली होईल.