आठ आला होता

महिनाअखेर होती. चाकणच्या त्या कारखान्याच्या आवारात भरलेले ट्रक एकामागे एक उभे होते, कारण इन्व्हॉइस छापलंच जात नव्हतं. इन्व्हॉइस नाही तर ई-वे बिल नाही आणि त्याशिवाय हा लाखोंचा माल रस्त्यावर काढता येत नाही. "सिस्टिमला काहीतरी सापडत नाहीये," एवढंच डिस्पॅचवाले सांगत होते. एवढ्या मोठ्या सिस्टिममधून एखादी गोष्ट हरवते तरी कशी, हे मला पाहायचं होतं. म्हणून आयटीच्या खोलीत जाऊन बसलो.

तिथे फोन थांबत नव्हते. टीमच्या प्रमुख बाई मात्र फोन घेत नव्हत्या. त्या वाचत होत्या. 'परत रन करून बघू', 'सर्व्हर रीस्टार्ट करू' असं आजूबाजूला चाललेलं असताना त्या डम्पची, म्हणजे प्रोग्राम अडल्यावर सिस्टिमने काढलेल्या अहवालाची, ओळ अन् ओळ पाहत होत्या. प्रोग्राम कुठला, कितव्या ओळीवर अडला, कुणाच्या लॉगिनवर, किती वाजता.

त्यात एक नाव होतं, झेडने सुरू होणारं. कारखान्याची सिस्टिम एसएपी या जर्मन कंपनीची. तिच्यात झेड किंवा वायने सुरू होणारी नावं गिऱ्हाइकाने स्वतः बनवलेल्या गोष्टींची. म्हणजे जर्मनीकडे बोट दाखवायची सोय तिथेच संपली. बदल लिहायची डेव्हलपमेंट, तपासायची क्वालिटी आणि प्रत्यक्ष कामाची प्रॉडक्शन, अशा तिन्ही सिस्टिममध्ये बाईंनी ते नाव शोधलं. डेव्हलपमेंटमध्ये होतं. क्वालिटीत होतं. प्रॉडक्शनमध्ये नव्हतं.

हरवलं काहीच नव्हतं. आणायचं राहिलं होतं. बदल एका सिस्टिममधून दुसरीत जातात ते टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टच्या गाठोड्यातून. नव्या रकान्याची व्याख्या एका टीआरमध्ये होती आणि ती वापरणारा इन्व्हॉइसचा प्रोग्राम दुसऱ्यात. क्वालिटीत दोन्ही गेले, म्हणून चाचणी बिनबोभाट पार पडली. आदल्या रात्री प्रॉडक्शनला पाठवायच्या यादीत मात्र नंबर एकाचाच, प्रोग्रामच्या टीआरचा, लिहिला गेला.

"मग सिस्टिमने रात्रीच सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगितलं ना. आठ आला होता."

टीआर मूव्ह झाला की लॉगमध्ये एक आकडा येतो. ० म्हणजे सुरळीत, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे काम मध्येच बंद पडलं. चार रोजच येतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. त्या चारांच्या ढिगात आठ आला आणि कुणी उघडला नाही. "चारची सवय झाली की आठ दिसत नाही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

पुढचं काम सोपं होतं. राहिलेला टीआर पाठवायचा, मग पहिला पुन्हा. मिनिटांचा मामला, दुपार गेली ती मंजुरीच्या मेलांत. ज्यांनी रात्री यादी न वाचता होकार दिला, तेच आता प्रत्येक शब्दाचा खुलासा मागत होते. अखेर आकडा आला, ४. बाईंनी तोही उघडून शेवटपर्यंत वाचला, आणि मगच डिस्पॅचला फोन लावला.

हे काम मला हुशारीपेक्षा चिकाटीचं वाटलं. अशा माणसांना दुरुस्तीनंतर शाबासकी मिळते, पण यादी ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही, हा सरळ अन्याय आहे. महिनाअखेरीच्या रात्री प्रॉडक्शनला हात लावू नये, आणि लॉग वाचल्याची सही झाल्याशिवाय कुणी घरी जाऊ नये. तुमच्या कार्यालयात अशी एरर आली, तर कृपा करून अर्धा स्क्रीनशॉट पाठवू नका. पूर्ण मजकूर, वेळ आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होता, एवढं लिहून पाठवा.