दीर्घ गणिती समीकरणांची ओळविभागणी : तत्त्वे आणि व्यवहार

प्रस्तावना

समीकरण हे गणिताचे वाक्य होय. स्तंभाच्या रुंदीत न मावणारे समीकरण कोठे तोडावे, हा निर्णय पुष्कळदा अक्षरजुळणी करणाऱ्यावर सोपविला जातो. चुकीच्या ठिकाणी तोडलेल्या समीकरणाचा अर्थही बदलू शकतो. म्हणून लेखक-प्राध्यापकांना या विभागणीची तत्त्वे ज्ञात असणे आवश्यक ठरते.

विभाजनाचे स्थान

प्रथम पसंती 'बरोबर'सारख्या संबंधचिन्हाला, त्यानंतर अधिक-उणे चिन्हांना द्यावी. कंसातील राशी शक्यतो अखंड ठेवावी. स्वतंत्रपणे मांडलेल्या समीकरणात चिन्ह नव्या ओळीच्या आरंभी घेण्याचा संकेत रूढ आहे; परिच्छेदाच्या ओघातील सूत्र मात्र चिन्हानंतर तोडतात. रशियन मुद्रणपरंपरेत तेच चिन्ह दोन्ही ओळींत छापले जाते. हा संकेत अपरिचित असल्यास '५० −' आणि '− १२' या ओळींवरून ३८ ऐवजी ६२ हे उत्तर काढले जाण्याचा धोका संभवतो.

उभी मांडणी

देवळाली (नाशिक) येथे अध्यापन केलेले गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ६१७४ या स्थिरांकाचा शोध लावला. सर्व अंक समान नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जागा वाचविण्यासाठी या पायऱ्या 'बरोबर' चिन्हाने सलग जोडल्यास '३०८७ = ८७३० − ०३७८' असे असत्य विधान निर्माण होते. येथे प्रत्येक ओळ हे स्वतंत्र विधान आहे; एकाखाली एक आलेली 'बरोबर' चिन्हे ते स्पष्ट करतात.

संगणकीय अक्षरजुळणी

डोनाल्ड क्नुथ यांची 'टेक' प्रणाली (१९७८) ओघातील सूत्रे आपोआप तोडते. स्वतंत्र समीकरणे मात्र तोडत नाही. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'एएमएस-मॅथ' संचातील 'स्प्लिट', 'अलाइन' व 'मल्टलाइन' या रचनांत तोडण्याचे स्थान लेखकासच दर्शवावे लागते.

निष्कर्ष

समीकरणाची विभागणी त्याच्या तार्किक रचनेस अनुसरून व्हावी. ती रचना लेखकास सर्वाधिक ज्ञात असल्याने तोडण्याची स्थाने हस्तलिखितातच दर्शविणे आणि मुद्रितशोधनात ती पडताळणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते.