कंट्रोलच्या माश्याही मेल्या तेव्हा

नेटची तयारी करताना ‘डीडीटी, पॉल म्युलर, 1948 चं नोबेल’ एवढं पाठ केलं की आपण पुढे सरकतो. खरी गंमत मधल्या भागात आहे.

हा रेणू म्युलरने बनवलाच नव्हता. 1874 मध्ये ऑथमार झाइडलरने तो तयार केला होता. त्याचं करायचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या गायगी कंपनीतला रसायनज्ञ म्युलर वेगळंच शोधत होता: किडीने खाल्लं नाही, नुसता पाय लागला तरी ती मरेल का? आणि असर टिकेल का? शेकडो रसायनं वाया गेली. 1939 मध्ये डीडीटीची पाळी आली.

पेटीतल्या माश्या मेल्या. पेटी घासूनपुसून स्वच्छ केली, औषध न दिलेल्या माश्या सोडल्या, तर भिंतीला टेकताच त्याही पडल्या! आपण ‘कंट्रोल बिघडला’ म्हणून रीडिंग खोडलं असतं. म्युलरला तिथेच टिकाऊपणा दिसला. पेटी सुटी करून, धुऊन महिनाभर उघड्यावर ठेवली, तेव्हा कुठे पुढचे प्रयोग झाले.

रक्त पिऊन डास भिंतीवर बसतो, म्हणून 1953 च्या मलेरिया कार्यक्रमात घरांच्या भिंती फवारल्या. रायगडात रसायनीला डीडीटीचा कारखानाही निघाला. पण डास निर्ढावले, आणि पाण्यात न विरघळणारं डीडीटी माती अन् चरबीत साठत गेलं. 1989 मध्ये शेतीतला वापर बंद झाला.

आमच्या धनजकडे कपाशी-सोयाबीनवर आता दुसरी औषधं फवारतात. ती मातीत किती दिवस राहतात, हा मोजण्यासारखा प्रश्न आहे. फक्त कंट्रोलची माती कुठून आणणार, ते आधी ठरवा.