माथा ते पायथा (भाग 6) : भरावावर काय पेरायचं?

मागच्या भागात आपण उतारावर समतल रेषा आखण्यासाठी ए-फ्रेम बनवली. दोन सारख्या काठ्या, मधे आडवी पट्टी आणि वरच्या टोकाला दोरीने टांगलेला दगड. दोरी पट्टीच्या मध्यखुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत, हे ज्यांनी करून पाहिलं त्यांच्या हाताला आता बसलं असेल. आज त्यापुढची गोष्ट. ती खणण्याची नाही, म्हणून बहुतेक श्रमदानांत ती राहून जाते.

एप्रिल महिना, सकाळचे साडेसहा. पुरंदर तालुक्यातल्या एका उतारावर आम्ही पाणी अडवायच्या चराची रेषा आखायला फक्की ओढत चाललो होतो. दोन माळटिटव्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होत्या. आम्ही पुढे सरकलो की ओरडणं वाढे, मागे आलो की कमी होई. शेवटी एका मुलीने सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं आणि वाकून पाहिलं. फक्कीच्या रेषेपासून हातभर अंतरावर, जमिनीतल्या उथळ खळग्यात चार अंडी होती. रंग अगदी मुरमाचा, त्यावर काळपट ठिपके. तिथे दगड नाहीत, अंडी आहेत, हे बोट दाखवूनही दोघा-तिघांना पटकन दिसेना. माळटिटवीचा विणीचा हंगाम मार्चपासून सुरू होतो. आपलं श्रमदान एप्रिल-मेमधलं. म्हणजे कुदळ आणि अंडी एकाच वेळी एकाच माळावर असतात.

आम्ही तिथे वीस फुटांची जागा सोडून चर पुढे नेला. सलग समतल चर त्या ठिकाणी खंडित झाला, एवढंच. खंडित समतल चर ही मृदसंधारणातली मान्य पद्धत आहे, पाणी काही त्यामुळे रागावून निघून जात नाही. पण त्या दिवसापासून कोणत्याही उतारावर फक्की टाकण्याआधी मी तो उतार निदान दोनदा चालून पाहतो.

आता थोडा हिशेब. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये 180 लिटर पाणी मावतं. एक हेक्टरवर असा 300 मीटर चर खणला तर एका भरण्यात 54,000 लिटर. त्याच हेक्टरवर फक्त दहा मिलिमीटर पाऊस झाला तरी एक लाख लिटर पाणी पडतं. चराने जे धरलं नाही ते कुणी धरायचं? उतार उघडा असेल तर ते माती घेऊन खाली येतं आणि तीच माती चरात बसते. दोन-तीन पावसाळ्यांत चर भरतो आणि गावाला वाटतं, आपली मेहनत वाया गेली. उतारावर गवत असेल तर थेंब पात्यावर फुटतो, पाण्याचा वेग मोडतो, मुळांच्या जाळीतून ते जमिनीत उतरतं. आपल्या राज्याचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या बेसाल्टचा आहे. त्या खडकात पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, तेही मोजकंच. तिथवर ते सावकाश पोचवायचं काम गवत करतं.

2016 साली कोरेगाव, वरूड आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, 2018 पर्यंत ती 75 तालुक्यांत पोचली. 45 दिवस गावंच्या गावं पहाटे डोंगरावर जात होती. त्या सकाळी ज्यांनी पाहिल्या त्यांना त्यांचं मोल सांगावं लागत नाही. पण स्पर्धेत घनमीटर मोजता येतात, गवत मोजणं अवघड जातं. पुढे समृद्ध गाव स्पर्धेत त्याच संस्थेने संरक्षित कुरण हा विषयच घेतला, याचा मला मनापासून आनंद झाला.

दुसरीकडे मी एक माळ पाहिला आहे. गावाचं नाव लिहीत नाही. कंबरेएवढं पवन्या गवत असलेला, उतार जेमतेम असलेला तो माळ. त्यावर यंत्राने चर मारले, कारण कागदावर तो पडीक होता. चरांतून निघालेल्या मातीच्या भरावावर हमाटाचं बी फेकलं आणि मधल्या जागेत ग्लिरिसिडिया लावला. हमाटा ही चाऱ्याची वनस्पती मूळची कॅरिबियन बेटांकडची. ग्लिरिसिडिया, म्हणजे आपली उंदीरमारी, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. फांदी रोवली की फुटते, भराभर वाढते, म्हणून लावणाऱ्याला हिरवळ लवकर दिसते. पुण्याच्या टेकड्यांवर तिचं रान झालेलं आहेच, तिच्याखाली गवत किती उरलं ते कुणीही चढून पाहावं. त्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या एका वृद्ध धनगराने मला उरलेला पवन्याचा एक पट्टा दाखवला. तिथे खोकडाची बिळं होती. तो पट्टा पाहताना जे वाटलं ते अजून उतरलेलं नाही. झाडं कमी असलेली जमीन उजाड असते, हा समज आपण श्रमदानातून पहिल्यांदा काढायला हवा. लांडगा, चिंकारा, तणमोर, माळढोक ही सगळी याच ‘उजाड’ माळाची प्रजा. हिवर, बोर, बाभूळ अशी विरळ झाडं आणि मधे गवत, हेच त्याचं भरलेलं रूप.

म्हणून साधा नियम. जिथे गवत चांगलं आहे तिथे खणू नका, फक्त राखा. जिथे माती उघडी पडली आहे, घळी पडल्या आहेत तिथेच चर. आणि चराच्या भरावावर त्याच डोंगरावरचं गवत.

राखायचं म्हणजे चराई थांबवायची, आणि इथे मला एक सांगायचं आहे. हिवरे बाजारने चराईबंदी केली, गवत कापून न्यायची पद्धत बसवली, आणि ती टिकली. पण मेंढपाळांना न बोलावता ग्रामसभेने ठराव केला तर तो अन्याय आहे आणि तो टिकतही नाही. माळाचे तुकडे पाडून पाळीपाळीने विसावा द्या. कुठला तुकडा केव्हा मोकळा करायचा हे त्यांनाच विचारा, गवत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. अकोला-वाशीम भागात संवेदना या संस्थेसोबत फासेपारधी कुटुंबांनी माळरानं राखली आहेत. पिढ्यान् पिढ्या शिकार केलेल्या डोळ्यांना तणमोर कुठे असेल ते आधी दिसतं.

आता बियाणं. दसरा-दिवाळीच्या दिवसांत गवत पिकतं. मारवेल ओळखायची सोपी खूण म्हणजे तिच्या पेरावरचं पांढऱ्या केसांचं कडं आणि बोटांसारखे जांभळट तुरे. तुरा हातात धरून खालून वर ओढला की पिकलेलं बी मुठीत येतं, कच्चं देठालाच राहतं. कुसळीचं बी घेताना हातमोजे घाला. तिच्या कुसळाला ओल लागली की पीळ सुटून ते फिरतं आणि बी स्वतःच जमिनीत रुततं, त्यामुळे ते नुसतं विस्कटलं तरी चालतं. मारवेल आणि पवन्याचं बी हलकं, वाऱ्याने उडतं. ते शेण आणि गाळाच्या मातीत कालवून बोराएवढ्या गोळ्या करायच्या. शाळेतली मुलं हे काम एका दुपारी करतात.

ताजं बी लगेच नीट उगवत नाही, त्याला काही महिने विसावा लागतो. सावलीत वाळवून गोणपाटात भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. गोणीवर गवताचं नाव आणि डोंगराची बाजू लिहून ठेवा. जूनमध्ये पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर भरावावर टाका.