विश्लेषण : बास गिटार घरीच ‘मॉडिफाय’ करताय? आवाजाआधी अर्थिंग का तपासायचे?

स्वस्तातली बास गिटार घ्यायची आणि आतले सुटे भाग बदलून तिचा आवाज सुधारायचा, हा छंद जगभर जुना आहे. गिरगावातल्या फणसवाडीत राहणाऱ्याला तर त्यासाठी फार फिरावेही लागत नाही. एका बाजूला धोबीतलावला 1865 पासूनचे फुर्टाडोज, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग. अडचण सामान मिळण्याची नाही. काय बदलल्याने काय होते आणि कुठे हात घालायचा नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

गिटारच्या आत नेमके काय असते?

फार काही नसते. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे म्हणजे पिकअप. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. ती आवाजाच्या आणि टोनच्या पॉटमधून जॅकपर्यंत जाते. साध्या बासमध्ये बहुधा 250 किलोओहमचे पॉट आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. टोनचे बटण फिरवले की हा कपॅसिटर वरच्या पट्टीचा आवाज जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, वळवतो. त्याच्या जागी 0.1 मायक्रोफॅरडचा लावला तर टोन खाली केल्यावर आवाज आणखी जाड, दबका होतो. खर्च किरकोळ, काम पंधरा मिनिटांचे आणि मूळ भाग परत बसवता येतो. सुरुवात इथूनच करावी.

गुणगुण कुठून येते?

घरातली वीज 50 हर्ट्झची. बासची सर्वात जाड तार मोकळी वाजवली तर 41 हर्ट्झ, तिच्या शेजारची 55 हर्ट्झ. म्हणजे विजेची गुणगुण बरोबर या दोघींच्या मध्ये येऊन बसते. तिची दुप्पट, 100 हर्ट्झ, ही मोकळ्या जी तारेच्या 98 हर्ट्झला जवळजवळ चिकटलेली. इक्वलायझरने गुणगुण कापायला गेलात तर सूरही कापला जातो, तो यामुळेच.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो गिटारच्या पोकळीत तांब्याची टेप लावण्याचा. उपाय चांगला आहे, पण अर्धाच. ट्यूबलाइट, डिमर यांची करकर त्याने कमी होते, कारण ती विद्युत क्षेत्रातून येते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी गुणगुण तांब्याची पातळ टेप अडवत नाही. तिच्यासाठी उलट-सुलट गुंडाळलेली दोन कॉइल लागतात. फेंडरने 1951 मध्ये आणलेल्या प्रिसिजन बासला 1957 मध्ये असे दुभंगलेले पिकअप बसवले. जॅझ बासवर दोन्ही पिकअपचे आवाज सारखे ठेवले तर गुणगुण जाते आणि एकाचा आवाज कमी केला की परत येते. म्हणजे खिशाला काहीच न लावता अर्धा प्रश्न सुटतो.

टेप लावलीच तर सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेले आहेत का, ते मल्टिमीटरने बघा. सुटा राहिलेला तुकडा काही कामाचा नाही.

मग धोका कुठे?

गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ग्राउंडला आणि केबलमधून थेट अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. तारांना हात लावल्यावर करकर कमी होते, ते याच जोडणीमुळे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र जुन्या चाळींत तीन पिनांचा सॉकेट असूनही मागे अर्थिंगची वायरच नसणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. अशा घरात अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर सांगाड्यात उतरलेली वीज तारांतून वाजवणाऱ्याच्या हातात येते. बोटांना झिणझिण्या आल्या तर वाजवणे थांबवा, प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. गिटार खोलण्याआधी हे काम. आणि अँप्लिफायर उघडायच्या भानगडीत घरगुती हौशी माणसाने पडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. गिटारच्या आतले काम त्या मानाने निर्धोक.

सोल्डर शिशाचे असेल तर खिडकी उघडी ठेवा, काम संपल्यावर हात धुवा. एका खोलीच्या घरात जेवणाच्या ताटाशेजारी हे काम नको, एवढे सांगायला लागू नये.

फ्रेट काढायचे का?

हा परतीचा रस्ता नसलेला बदल. रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने 1961 च्या सुमारास एका स्वस्त, सेकंडहँड बासचे फ्रेट उपटले होते ते नवे बसवायच्या विचाराने. आवाज आवडला आणि राहून गेले. जॅको पास्टोरियसच्या 1962 च्या जॅझ बासवर फ्रेटच्या खाचा भरून बोटीला लावतात तसले इपॉक्सी चढवलेले होते. पण दोघांचे कान तयार होते. फ्रेट नसले की सूर बोटानेच शोधावा लागतो, आणि चुकला तर ते शेजाऱ्यांनाही कळते.

तसे तारवाद्याला पिकअप लावणे गिरगावला नवे नाही. मिरवणुकीतला ‘बेंजो’ मुळात जपानचा. 1912 मध्ये नागोयात तयार झालेले ताइशोगोतो इकडे बुलबुलतरंग झाले आणि पिकअप बसवून मुंबईच्या रस्त्यावर आले.

पावसाळ्यात काय करायचे?

चार तारांचा एकत्र ताण जवळपास 80 किलोचा. दमट हवेत लाकूड फुगते, मान किंचित वाकते आणि तारा वर येतात किंवा फ्रेटवर खडखडतात. मानेतला ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा, पुन्हा सूर लावावा आणि एक दिवस थांबावे. जोर लावावा लागत असेल तर तिथेच सोडून कारागिराकडे न्यावी. रॉड तुटला तर नवी मान घ्यावी लागते.

बॅटरीवरचा प्रीअँप बसवला असेल, तर वाजवून झाल्यावर केबल जॅकमधून काढून ठेवा. ती लावलेली असेपर्यंत 9 व्होल्टची बॅटरी चालूच राहते.