स्टिरॉइडची सलाईन आणि मुलांच्या हृदयाचे ठोके : पालकांनी काय लक्षात ठेवावे?

नांदेड/लातूर : सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले, लघवीला फेस. तपासणीनंतर डॉक्टर ‘नेफ्रोटिक सिंड्रोम’ सांगतात आणि स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेक मुलांना गोळ्यांनीच आराम पडतो. पण फरक पडला नाही, किंवा ल्युपस, सांधेवातासारखा आजार जोरात असला, तर मिथाइलप्रेडनिसोलोन मोठ्या डोसमध्ये सलाईनमधून देतात. हा डोस वजनावर ठरतो. किलोमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत, पण एका दिवसात 1 ग्रॅमपेक्षा जास्त सहसा देत नाहीत.

या सलाईननंतर काही मुलांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. ऐकून अम्मी-अब्बू घाबरतात. पण बहुतेक मुलांना त्याचा त्रास जाणवत नाही आणि काही दिवसांत ठोके आपोआप पूर्ववत होतात. ठोके धोकादायकरीत्या बिघडणे क्वचितच घडते. मोठा डोस 10 मिनिटांपेक्षा कमी वेळात गेला तर हा धोका वाढतो. म्हणूनच सलाईन तास-दोन तास, कधी त्याहून जास्त वेळ सावकाश चालवतात. ‘लवकर संपवा’ म्हणून सिस्टरच्या मागे लागू नका आणि सलाईनचे चाक स्वतः फिरवू नका.

दुसरे कारण पोटॅशियम. स्टिरॉइडने ते कमी होऊ शकते. सोबत सूज उतरवायची, लघवी वाढवणारी औषधे असली तर आणखी. पोटॅशियम घसरले की ठोक्यांची लय बिघडते. त्यासाठीच रक्ततपासणी, बीपी आणि गरजेप्रमाणे ईसीजी करतात. मुलाला आधीपासून हृदयाचा आजार असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

चक्कर, बेशुद्धी, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा मूल एकदम मलूल पडणे, यातले काहीही दिसले तर दवाखान्यात लगेच सिस्टर-डॉक्टरांना बोलवा. घरी असाल तर 108 ला फोन करा. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत.

सगळ्यात महत्त्वाचे, भीतीपोटी गोळ्या मनाने बंद करू नका. अनेक आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टिरॉइड कमी बनवते. औषध अचानक तोडले तर बीपी आणि साखर घसरून जिवावर बेतू शकते. रमजानमध्ये मूल रोजाचा हट्ट धरते. पण लहान मुलांवर आणि आजाऱ्यावर रोजाची सक्ती नाही, हे त्याला प्रेमाने समजवा. डोस कमी कधी करायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.